स्मेक्टिक द्रवस्फटिकातले थर : ओळखायचे कसे, मोजायचे कसे

द्रवस्फटिक म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण रेणूंत थोडी शिस्त असलेला पदार्थ. त्याच्या थर असलेल्या, म्हणजे स्मेक्टिक, अवस्थेचं चित्र सगळीकडे एकाच पठडीतलं असतं. काडीसारखे रेणू शिस्तीत उभे, एका रांगेवर दुसरी रांग, तिच्यावर तिसरी. हे चित्र मनात ठेवून सूक्ष्मदर्शकापाशी बसलं की गोंधळ उडतो, कारण तिथे थर दिसतच नाहीत. एक थर जेमतेम तीन नॅनोमीटरचा, आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या सव्वाशे ते सव्वादोनशे पट. आपल्याला दिसतात ते थरांचे परिणाम: काय वाकू शकतं, काय वाकू शकत नाही, कशाची थरथर थांबते. त्या परिणामांवरून थरांपर्यंत कसं पोचायचं, ते इथे क्रमाने लिहितो. हाताशी ध्रुवण सूक्ष्मदर्शक आणि तापमान नियंत्रित करणारं हॉट स्टेज असेल तर निम्म्याहून अधिक काम होतं. क्ष-किरणांची सोय असेल तर पूर्ण होतं.

आधी मनातलं चित्र दुरुस्त करा

स्मेक्टिक थर म्हणजे पत्त्यांची चळत नव्हे. सगळ्यात साध्या स्मेक्टिक अवस्थेत, म्हणजे स्मेक्टिक-ए मध्ये, थराच्या आत रेणू द्रवासारखे फिरतात. शेजारी कोण आहे याची शिस्त दोन-चार रेणूंपलीकडे टिकत नाही. एका थरातला रेणू शेजारच्या थरात उडी मारतो आणि हे सतत चालू असतं. मग थर कसला? थरांना लंब असलेल्या दिशेने चालत गेलात, तर रेणूंचे मध्यबिंदू सापडण्याची शक्यता ठरावीक अंतराने वाढते आणि कमी होते. थर म्हणजे ही घनतेची लाट. दोन दिशांना द्रव आणि तिसऱ्या दिशेला लाट, असं लक्षात ठेवलं तर पुढची प्रत्येक निरीक्षणं नीट जुळतात.

ही लाट निर्माण का होते, तेही थोडक्यात. रेणूचा मधला भाग ताठ आणि सुगंधी वलयांचा, शेपूट लवचीक आणि मेदासारखं. ताठ भागांना ताठ भागांशेजारी राहणं सोयीचं, शेपटांना शेपटांशेजारी. शेपूट पुरेसं लांब झालं की ही विभागणी जिंकते. सायनोबायफेनिलं या काडीसारख्या रेणूंच्या मालिकेत हे फार सुंदर दिसतं. शेपटात ५ कार्बन असलेल्या ५सीबीला फक्त नेमॅटिक अवस्था आहे, म्हणजे रेणूंची दिशा साधारण एक, पण थर नाहीत. ८ कार्बनच्या ८सीबीला स्मेक्टिक-ए आणि नेमॅटिक दोन्ही आहेत. ९ कार्बनला नेमॅटिकची पट्टी अगदी अरुंद उरते आणि १० कार्बनच्या १०सीबीत ती नाहीशीच होते. तिथे साध्या द्रवातून थेट थर तयार होतात. या मालिकेसाठी मी हौसेने वेळ देतो आणि तुम्हीही द्यावा असं मला वाटतं. तीन बाटल्यांत संपूर्ण विषयाची ओळख होते.

पायरी १ : नमुना आणि काच

सुरुवात ८सीबीने करा. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये सायनोबायफेनिलं जगासमोर आणली. ती रासायनिकदृष्ट्या टिकाऊ आहेत आणि त्यांची तापमानं हाताळण्याजोगी आहेत. ८सीबीची शिडी अशी:

स्फटिक → स्मेक्टिक-ए : सुमारे २१.५° से.
स्मेक्टिक-ए → नेमॅटिक : सुमारे ३३.५° से.
नेमॅटिक → साधा द्रव : सुमारे ४०.५° से.

तुलनेसाठी ५सीबी जवळ ठेवा. तो सुमारे २४ ते ३५° से. दरम्यान नेमॅटिक असतो. जे ८सीबीत दिसतं आणि ५सीबीत कोणत्याच तापमानाला दिसत नाही, ते थरांमुळे आहे असं मानायला जागा होते. हा नियंत्रण-नमुना बहुतेक जण गाळतात. गाळू नका.

दोन सेल, म्हणजे मध्ये नमुना भरलेल्या काचपट्ट्यांच्या जोड्या, तयार करायचे. पहिल्यात रेणू काचेला समांतर आडवे, दुसऱ्यात काचेवर लंब उभे. दोन्हींसाठी काचपट्ट्या साबणाच्या द्रावणात धुवा, ऊर्ध्वपातित पाण्याने खळखळून घ्या, मग अल्कोहोल, मग पूर्ण वाळवण. आडव्या मांडणीसाठी काचेवर पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा पातळ थर देऊन तो तापवून वाळवतात आणि मखमलीने एकाच दिशेने घासतात. उभ्या मांडणीसाठी अल्कोहोलमधलं लेसिथिनचं अगदी सौम्य द्रावण पुरतं. दोन काचांमध्ये १० ते २० मायक्रोमीटरचं अंतर ठेवा. हातमोजे घाला आणि द्रावकांचं काम हवेशीर जागी करा.

सेल नेहमी साध्या द्रव अवस्थेत भरा. ८सीबीसाठी सेल ४५° से. ला ठेवून कडेला थेंब सोडला की केशाकर्षणाने तो आत ओढला जातो. स्मेक्टिक अवस्थेत पदार्थ लोण्यासारखा घट्ट असतो. त्या अवस्थेत दाबून भरलेल्या सेलमधले थर सुरुवातीपासूनच मोडलेले असतात आणि मग पुढचं प्रत्येक निरीक्षण संशयास्पद ठरतं.

पायरी २ : थंड करत पाहणं

दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवा. ४५° से. ला दृश्य पूर्ण काळं हवं. मिनिटाला १ अंशाने ४२ पर्यंत या, मग अर्ध्या अंशाने. ४०.५ च्या आसपास चमकते थेंब उगवतात, एकमेकांत मिसळतात आणि क्षेत्र उजळतं. हा नेमॅटिक. थेंब दिसायला लागल्यापासून पूर्ण क्षेत्र भरेपर्यंत किती अंश गेले ते लिहून ठेवा. शुद्ध नमुन्यात ही पट्टी अगदी अरुंद असते. ती अर्धा-एक अंश रुंद असेल तर नमुना अशुद्ध आहे किंवा स्टेजचं तापमान क्षेत्रभर सारखं नाही.

आता आडव्या सेलमध्ये दृश्य निरखून पाहा. स्टेज फिरवून क्षेत्र जवळजवळ काळं करा. नेमॅटिकमध्ये या काळोखात सतत लुकलुक चाललेली असते, जणू बारीक वाळू उकळते आहे. रेणूंची सरासरी दिशा उष्णतेमुळे इकडेतिकडे डोलत असते आणि त्यामुळे प्रकाश विखुरतो. इथून पुढे मिनिटाला ०.१ अंशाने उतरा. ३३.५ च्या जवळ ही लुकलुक मंदावते आणि मग थांबते. चित्र गोठल्यासारखं स्थिर होतं, काळोख अधिक गडद होतो. रंग बदलत नाही, सीमारेषा सरकत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा बदल हमखास निसटतो, म्हणून ३५ ते ३२ अंशांत तीन-चार वेळा वर-खाली करा.

लुकलुक का थांबते, यातच थरांचा सगळा पुरावा आहे. नेमॅटिकमधली दिशा तीन प्रकारे विकृत होऊ शकते: पसरणं, पिळणं, वाकणं (रेणूंच्या दिशेचं वाकणं, थरांचं नव्हे). रेणू थरांना लंब आणि थरांमधलं अंतर ठरलेलं असेल, तर पिळण्याला आणि वाकण्याला वावच उरत नाही, कारण दोन्हींत थर-अंतर जागोजागी बदलावं लागतं. फक्त पसरण शिल्लक राहते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की ही बंदी अतिवाहकाने चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलावं तशीच आहे आणि दोन्हींची गणिती मांडणी एकाच साच्यातली आहे. टेबलावरच्या एका सेलमध्ये अतिवाहकतेची सावली दिसते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

उभ्या सेलमध्ये वेगळी परीक्षा करावी लागते. तिथे नेमॅटिक आणि स्मेक्टिक-ए दोन्ही काळेच दिसतात, कारण आपण रेणूंच्या लांबीच्या दिशेने पाहत असतो. वरच्या काचेला सुईच्या टोकाने हलकेच टोचा. नेमॅटिकमध्ये प्रकाशाची लाट उमटते आणि विझते. स्मेक्टिकमध्ये टोचलेल्या जागी दोष उमटतात आणि राहतात. थरांना त्यांच्या लंब दिशेने ताणलं की ते नागमोडी होतात आणि त्यासाठी लागणारा ताण फार थोडा असतो. थर वाकवण्याचा स्थिरांक आणि थर दाबण्याचा स्थिरांक (थर त्या-त्या बदलाला किती विरोध करतात ते सांगणारे आकडे) यांच्या भागाकाराचं वर्गमूळ काढलं की एक लांबी मिळते, जी थराच्या जाडीच्याच आसपासची, एक ते तीन नॅनोमीटरची असते. तिच्या साधारण सहापट ताणलं की थर नागमोडी होतात, सेल कितीही जाड असो. म्हणजे काच दहा-पंधरा नॅनोमीटरने वर उचलली गेली तरी पुरे. तुमचं टेबल डळमळतं असेल तर ते इथे कळेल.

पायरी ३ : पंखे वाचायला शिका

काचेवर काहीच प्रक्रिया न करता ८सीबी थोडा वेगाने थंड केला, की पंख्यांसारखे आकार दिसतात. हाच तो प्रसिद्ध फोकल कॉनिक पोत. १०सीबी घेतलात तर आणखी छान: सुमारे ५०° से. ला काळ्या द्रवातून दंडुक्यांसारखे लांबट, कडांना कंगोरे असलेले थेंब उगवतात. गोल थेंब म्हणजे नेमॅटिक, लांबट कंगोरेदार थेंब म्हणजे स्मेक्टिक, एवढं हाताशी ठेवलं तर अनोळखी नमुन्यातही पहिल्या क्षणी अंदाज येतो.

पंख्यांत काळ्या रेषा शोधा. नीट पाहिलं तर त्या जोडीने येतात: एक लंबवर्तुळ, आणि त्याच्या नाभीतून जाणारं अपास्त (हायपरबोला), एकमेकांच्या प्रतलाला काटकोनात. बहुधा आपल्याला त्यांचे तुकडेच दिसतात. १९१० मध्ये जॉर्ज फ्रिडेल आणि फ्रान्स्वा ग्रांजां या फ्रेंच शास्त्रज्ञांनी या वक्रांची नोंद केली आणि त्यांतून फ्रिडेल या निष्कर्षाला पोचले की पदार्थ समान जाडीच्या थरांचाच असला पाहिजे. थर वाकू शकतात, पण त्यांच्यातलं अंतर बदलू शकत नाही. या एका अटीतून भूमितीने जे पृष्ठभाग निघतात, त्यांचे विशेष बिंदू लंबवर्तुळावर आणि अपास्तावरच पडतात. क्ष-किरणांचं एकही मोजमाप हातात नसताना भूमितीवरून रेणूंची रचना सांगितली गेली. १९२२ मध्ये फ्रिडेल यांनीच नेमॅटिक आणि स्मेक्टिक ही नावं रुजवली. स्मेक्टिकच्या मुळाशी साबणाशी नातं असलेला ग्रीक शब्द आहे, कारण साबणांत असेच पोत दिसतात.

चित्र वाचायचा नियम सोपा आहे. पंख्याच्या टोकापासून निघणाऱ्या किरणांच्या दिशेने रेणू, आणि त्या किरणांना काटकोनात जाणाऱ्या कमानी म्हणजे थर. स्टेज फिरवल्यावर पंख्यातला काळा पट्टा सरकत जातो. तो एखाद्या ध्रुवकाला समांतर असलेले रेणू दाखवतो.

पायरी ४ : उष्मामापन, आणि त्याचा फसवेपणा

नमुना तापवताना तो किती उष्मा घेतो ते मोजणाऱ्या डीएससी यंत्रावर ८सीबीचं वितळणं मोठं शिखर देतं, नेमॅटिक ते साधा द्रव हे लहान शिखर देतं, आणि स्मेक्टिक ते नेमॅटिक बदल कधीकधी पायारेषेतल्या किंचित उंचवट्याएवढाच दिसतो. अनेक जण तो चुकवतात आणि «या पदार्थात स्मेक्टिक नाही» असं लिहून मोकळे होतात. थरांची लाट ८सीबीत जवळजवळ सलगपणे वाढत जाते, त्यामुळे सुप्त उष्मा जवळपास नसतोच. अशा वेळी नमुन्याचं वजन वाढवा, तो भाग मोठा करून पाहा आणि तापमान सूक्ष्मदर्शकावरच्या नोंदीशी जुळवा. डीएससी बदलाचं तापमान आणि उष्मा सांगतं. अवस्था कोणती, हे सांगत नाही.

पायरी ५ : क्ष-किरणांनी थर मोजणं

नमुना १ ते १.५ मिलिमीटर व्यासाच्या पातळ भिंतीच्या काचनळीत भरा. तांब्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर. ८सीबीचं थर-अंतर सुमारे ३.१७ नॅनोमीटर. थर-अंतर आणि क्ष-किरणांचा विवर्तनकोन यांना जोडणाऱ्या ब्रॅगच्या सूत्रात मांडा (थीटा हा तो कोन):

साइन थीटा = ०.१५४ ÷ (२ × ३.१७) = ०.०२४३
थीटा = १.३९°, म्हणून दोन-थीटा = सुमारे २.८°

हा कोन फार लहान आहे. नेहमीच्या पावडर विवर्तनमापीवर तीन अंशांखाली मूळ शलाकेचाच उजेड असतो आणि शिखर त्यात बुडतं. लघुकोन विवर्तनाची मांडणी हवी. अंशांकनासाठी सिल्व्हर बेहेनेट वापरा. त्याचं थर-अंतर ५.८३८ नॅनोमीटर आहे आणि शिखरं सारख्या अंतरावर येतात.

मग दुसरीकडे, दोन-थीटा २० अंशांच्या जवळ पाहा. तिथे रुंद, पसरट कंगोरा दिसेल. तो शेजारी-शेजारी उभ्या रेणूंमधलं सरासरी अंतर, सुमारे ०.४५ नॅनोमीटर, सांगतो. लहान कोनाला टोकदार शिखर आणि मोठ्या कोनाला पसरट कंगोरा, ही जोडी म्हणजे स्मेक्टिक-ए किंवा स्मेक्टिक-सी. लंब दिशेला लाट, थरात द्रव. मोठ्या कोनाचं शिखरही टोकदार झालं तर थरात षट्कोनी शिस्त शिरली आहे आणि तुम्ही हेक्झॅटिक किंवा आणखी स्फटिकासारख्या अवस्थांकडे गेला आहात. त्यांची वर्गवारी हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यासाठी दिशा लावलेला नमुना लागतोच.

दिशा लावायची सोपी रीत: सुमारे १ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात नमुना नेमॅटिकमधून सावकाश थंड करा. रेणू क्षेत्राला समांतर होतात. मग थरांचे ठिपके क्षेत्राच्या दिशेला आणि पसरट कंगोरे त्याला काटकोनात येतात.

आता एक ताळा. पूर्ण ताणलेल्या ८सीबी रेणूची लांबी सुमारे २.२ नॅनोमीटर, आणि थर ३.१७. रेणूपेक्षा थर जाड, जवळजवळ १.४ पट! इथे चूक शोधत बसू नका. रेणूच्या टोकाच्या सायनो गटाचा द्विध्रुव (धन-ऋण भारांची जोडी) बलवान असल्यामुळे शेजारचे रेणू उलटसुलट जोडीने बसतात, ताठ भाग एकमेकांवर येतात आणि शेपटं दोन्ही बाजूंना बाहेर राहतात. थराचा घटक म्हणजे ही जोडी. थर-अंतर आणि रेणूलांबी यांचं गुणोत्तर म्हणूनच नेहमी काढावं. ते १ च्या जवळ असेल तर साधा एकेरी थर, १ आणि २ च्या मध्ये असेल तर अशी गुंफण, आणि १ पेक्षा ठळकपणे कमी असेल तर रेणू कलले असण्याची शक्यता.

दुसऱ्या क्रमाचं शिखर शोधायचा प्रयत्न करा. ८सीबीत ते पहिल्याच्या मानाने अत्यंत क्षीण असतं. घनतेची लाट टोकदार पायऱ्यांची असती तर दुसरं, तिसरं शिखर जोरदार आलं असतं. ते येत नाही, कारण लाट जवळजवळ शुद्ध साइन आकाराची आहे. लेखाच्या सुरुवातीला चित्र दुरुस्त करायला सांगितलं, त्याचा हा पुरावा.

पहिल्या शिखराचा आकारही काही सांगतो. एकाच दिशेची शिस्त त्रिमित जगात पूर्णपणे टिकू शकत नाही. उष्णतेने थर डोलतात आणि अंतर वाढत जाईल तसं ते डोलणं लॉगरिदमच्या गतीने वाढतच जातं. लांडाऊ आणि पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञांचा हा जुना युक्तिवाद. कायए यांनी १९७२ मध्ये त्यावरून काढलं की शिखराच्या बाजूंचा उतार घात-नियमाने (पॉवर लॉ) जाईल, खऱ्या स्फटिकासारखा तीक्ष्ण नसेल. १९८० मध्ये आल्स-नील्सन आणि सहकाऱ्यांनी ८ओसीबी या जवळच्या नातेवाइकात तो उतार प्रत्यक्ष मोजला. तुमच्या यंत्राची विभेदनक्षमता तेवढी नसेल तर या उतारावरून निष्कर्ष काढू नका.

पायरी ६ : ए की सी?

स्मेक्टिक-सी मध्ये रेणू थराच्या लंबाशी कललेले असतात. तीन खुणा एकत्र तपासा. पहिली, उभ्या सेलमध्ये काळं असलेलं स्मेक्टिक-ए चं क्षेत्र थंड करताना उजळतं आणि त्यात बिंदूंपासून निघणारे काळे पट्टे दिसतात. नेमॅटिकमध्ये अशा बिंदूंपासून दोन किंवा चार पट्टे निघतात, नेहमीच्या स्मेक्टिक-सी मध्ये फक्त चार. दोन पट्ट्यांचे बिंदू दिसले तर एका थरात उजवीकडे, पुढच्यात डावीकडे कललेली अवस्था असू शकते. दुसरी, गुळगुळीत पंखे तडकल्यासारखे, तुटक होतात. तिसरी, थर-अंतर घटतं. समजा ए मध्ये ते ३.०० नॅनोमीटर होतं आणि रेणू २५° कलले, तर कोसाइनने गुणून २.७२ येईल आणि शिखर २.९४° वरून ३.२५° कडे सरकेल.

तिसऱ्या खुणेवर आंधळा विश्वास नको. काही पदार्थांत रेणू कलतात तरी थर-अंतर फारसं बदलत नाही. त्यांना द फ्रीस प्रकारचे म्हणतात. तिथे पहिल्या दोन खुणाच निर्णय देतात.

पायरी ७ : थर मोजता येतील असा पडदा

स्मेक्टिकचा सगळ्यात सुंदर प्रयोग शेवटी ठेवला आहे. धातूच्या पातळ पत्र्यात ५ ते १० मिलिमीटरचं भोक, कडा गुळगुळीत. पत्रा २५ ते ३०° से. ला ठेवून कडेला थोडं ८सीबी लावा आणि आवरणकाचेची धार भोकावरून सावकाश ओढा. मागे साबणाच्या फुग्यासारखा पडदा उरतो. नेमॅटिकमध्ये हे जमत नाही. थर असल्यामुळेच पडदा टिकतो, आणि त्याची जाडी नेहमी पूर्ण थरांच्या पटीत असते.

काळ्या पार्श्वभूमीवर परावर्तित प्रकाशात पाहा. वेगवेगळ्या रंगांचे प्रदेश दिसतील, त्यांच्या कडा धारदार. प्रत्येक कड म्हणजे थरांची पायरी. सुमारे ९० नॅनोमीटर जाडीला, म्हणजे २८-२९ थरांना, पांढरा उजेड सर्वाधिक परततो. त्याहून पातळ प्रदेश राखाडी आणि मग काळपट होतात. या अतिपातळ भागात परावर्तित तीव्रता जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून शेजारच्या प्रदेशांच्या तीव्रता मोजा आणि पार्श्वभूमी वजा करा. त्या ४ : ९ : १६ या प्रमाणात आल्या तर ते २, ३ आणि ४ थरांचे प्रदेश आहेत. दोन थरांचा ८सीबी पडदा सुमारे ६.३ नॅनोमीटरचा असतो.

ओढल्यावर लगेच मोजू नका. सुरुवातीला पायऱ्या सरकत असतात, कडेच्या साठ्यातून पदार्थ ये-जा करतो. पडदा झाकून, हवेच्या झोतापासून दूर ठेवा, काही तास जाऊ द्या. पडद्याची जाडी ओढण्याच्या वेगावरही अवलंबून असते. हवे तसे पातळ प्रदेश आले नाहीत तर वेग थोडा बदलून पुन्हा ओढा. फाटला तर कडेचा पदार्थ पुसू नका, त्याच पदार्थातून दुसरा पडदा निघतो.